इथेनॉलच्या पेट्रोलला चालेल असा पाईप कसा निवडावा

आपल्या जिल्ह्यातले साखर कारखाने इथेनॉल करतात आणि पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता ते 20 टक्क्यांपर्यंत असतं. एप्रिल 2023 च्या आधीची गाडी असेल, तर पेट्रोलचा पाईप बदलताना तो कशाचा आहे हे बघाच. इथे हयगय म्हणजे थेट आगीशी गाठ.

आधी गाडी कार्ब्युरेटरची (जुनी पद्धत) की इंजेक्शनची (पंपाच्या दाबाने पेट्रोल फवारणारी), ते ठरवा. कार्ब्युरेटरला दाब जवळजवळ नसतो; इंजेक्शनच्या पाईपमध्ये तो 3 बारच्या (बार हे दाबाचं एकक) आसपास असतो.

मग आतला थर. पाईप काळा आणि जाडजूड दिसतो म्हणून घेऊ नका, कारण पेट्रोल लागतं ते आतल्या थराला. साधं नायट्राइल रबर इथेनॉलने फुगतं, त्यातला मऊपणा निघून जातो आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की वाळून चिरतं. फवारणी पंपांवर आणि ग्रासकटरवर सर्रास दिसणारी पारदर्शक पीव्हीसीची नळी पिवळी पडून ताठ होते. ती दिसली की काढाच. सिलिकॉनचे रंगीत पाईप देखणे असतात, पण त्यांतून पेट्रोल पाझरतं. रेडिएटरचा ईपीडीएम (पाण्यासाठीचं रबर) पाईपही पेट्रोलला चालत नाही.

मागायचा तो आतून फ्लुओरो-रबराचा. दुकानात ‘व्हायटॉन’ म्हटलं की कळतं. उद्यमनगरात मीटरवर पाईप घेताना अंगावरचा छापा वाचून घ्या. ‘एसएई जे30 आर9’ (SAE J30 R9, इंधनाच्या पाईपचं मानक) असेल तर इंजेक्शनलाही चालतो. ‘आर6’ किंवा ‘आर7’ कमी दाबाचे, ते इंजेक्शनला लावू नका. काहीच छापलेलं नसेल तर स्वस्त मिळाला तरी परत ठेवा. टाकीच्या आत बुडणारा तुकडा मात्र ‘आर10’चाच हवा, कारण आर9 चं बाहेरचं आवरण पेट्रोलमध्ये बुडून राहण्यासाठी केलेलं नसतं.

माप जुन्या पाईपच्या फुगलेल्या टोकावरून नको, नोझलवरून (पाईप ज्या नळीवर चढतो तिच्यावरून) घ्या. व्हायटॉनचा पाईप थोडा ताठ असतो, म्हणून वळणाला लांबी जास्त ठेवा.

बसवताना इंजिन गार हवं, टाकीचा कॉक असेल तर बंद हवा. इंजेक्शनच्या गाडीत पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे दाब उतरतो. मग बॅटरीची वायर काढा. क्लिप गोल कडांची घ्या, धारदार पट्टी रबर कापते. सगळं जोडून गाडी चालू करा आणि प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून बघा. दुसऱ्या दिवशी क्लिपा पुन्हा तपासा.