बाहेरचा ज्युनियर, बाहेरचा टायपिस्ट: टीडीएस कधी आणि किती कापायचा?

ऑगस्ट २०२५मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. तिथलं काम इंग्रजीत, त्यामुळे वकिलांना ड्राफ्टिंग, टायपिंगसाठी बाहेरची माणसं लागतात. त्यांना पैसे देताना काही वेळा आयकर आधीच कापून सरकारकडे भरावा लागतो, तोच टीडीएस. म्हणून पैसे देण्याआधी हे पाहून घ्या.

पहिलं, माणूस खरंच बाहेरचा आहे का? रोज दहाला येतो, रजा विचारून घेतो, तुमच्याच कॉम्प्युटरवर बसतो, तर व्हाउचरवर काहीही लिहा, तो पगारी. त्याचे नियम वेगळे.

दुसरं, गेल्या आर्थिक वर्षातली तुमची एकूण फी. एकट्याची प्रॅक्टिस असेल आणि फी ५० लाखांच्या वर गेली नसेल, तर या बिलांवर टीडीएस कापायची जबाबदारी तुमच्यावर नाही. बरेच वकील इथेच सुटतात. भागीदारी फर्मला मात्र ही सूट नाही.

सुटला नसाल तर टॅन (कर कापणाऱ्याचा नंबर) काढा. ज्युनियर वकिलाच्या ड्राफ्टिंगच्या फीवर १० टक्के, वर्षाची रक्कम ₹५०,००० ओलांडली की. सुट्या टायपिस्टचं काम कंत्राटात धरलं जातं: १ टक्का, तोही एक बिल ₹३०,००० किंवा वर्षाची बेरीज ₹१ लाखाच्या वर गेली तरच. (१ एप्रिल २०२६पासूनच्या नव्या कायद्यात हे सगळं कलम ३९३मध्ये आहे, बोलताना मात्र ज्युनियरच्या फीसाठी अजून जुनं कलम '१९४-जे'च.)

खरी गोची मर्यादा ओलांडताना होते. ज्युनियरला दरमहा ₹९,००० देताय. सहाव्या महिन्यात बेरीज ₹५४,००० होते आणि कर वरच्या चार हजारांवर नाही, पूर्ण रकमेवर लागतो: ₹५,४००. त्या महिन्यात तिच्या हातात ₹३,६००च पडतात. वर्षभराचं काम ठरलेलंच असेल तर पहिल्या बिलापासून कापा, तसं तिला आधी सांगा.

पॅन कामाआधीच घ्या. नसेल तर २० टक्के कापावे लागतात. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरा, मार्चची ३० एप्रिलपर्यंत. उशीर झाला तर महिन्याला दीड टक्का व्याज, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात. तिमाही विवरणपत्र चुकलं तर रोज ₹२००. टीडीएस कापलाच नाही, तर त्या खर्चातला ३० टक्के भाग तुमच्या उत्पन्नातून वजा धरत नाहीत.

एकाच माणसाला एका दिवसात ₹१०,०००च्या वर रोख देऊ नका, तो खर्च धरत नाहीत. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ रकमेवरच कापा. टीडीएसचं प्रमाणपत्र दर तिमाहीला द्या. रिटर्न भरताना ज्युनियर ते मागणारच.