मिलिटरी नेटवर्क किती मार सोसते, घरच्या लॅपटॉपवर तपासा

आधीच सांगतो, खऱ्या लष्करी नेटवर्कचा नकाशा मागत नागपूरच्या वायुसेना नगरच्या गेटवर जाऊ नका भाऊ, आपण नकलीच बनवायचं. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा अन् त्यात जाळी बनवायची नेटवर्कएक्स लायब्ररी टाका, फुकट आहे.

दोन ग्राफ म्हणजे जाळी बनवा, दोन्हीत १००० नोड (ठिपके) अन् त्यांना जोडणाऱ्या साधारण २००० लिंक. एक रँडम, म्हणजे लिंक कुठेही जोडलेल्या, दुसरा बाराबाशी-अल्बर्ट, म्हणजे मोजक्या नोडला ढीगभर लिंक अन् बाकीच्यांना दोन-तीन. मग पाडापाडी सुरू. एकदा कुठलेही नोड उडवा, हा झाला एरर. दुसऱ्यांदा सगळ्यात जास्त लिंकवाला आधी उडवा, हा अटॅक, अन् प्रत्येक नोड गेल्यावर लिंक परत मोजा, पोट्टे इथेच आळस करतात. आपली नागपूरची मेट्रो डोळ्यासमोर आणा ना, टोकाचं खापरी स्टेशन बंद पडलं तर बाकी गाड्या चालूच, दोन्ही लाइन जिथे भेटतात ते बर्डीचं इंटरचेंज गेलं की सरळ चार तुकडे.

मोजायचं काय? सगळ्यात मोठा तुकडा किती उरला, अन् त्यात एका नोडवरून दुसऱ्यावर जायला सरासरी किती उड्या लागतात. एरर कमीत कमी ५० वेळा चालवून सरासरी घ्या, एकाच रनवर काही ठरत नाही. २००० साली अल्बर्ट, जिऑंग अन् बाराबाशी या संशोधकांनी नेचर या विज्ञान मासिकात हेच दाखवलं होतं: दुसऱ्या प्रकारच्या नेटवर्कमधले ५ टक्के नोड असेच गेले तर फरक पडत नाही, पण निवडून मोठे ५ टक्के काढले तर अंतर दुप्पट.

पण लष्कराचं काम झाडासारखं, ब्रिगेडखाली बटालियन, त्याखाली कंपनी, म्हणून तिसरा ग्राफ झाडाचा घ्याच. प्रत्येकाखाली तीन, अशा सहा पायऱ्या, १०९३ नोड होतात. हे एररमध्येही तुटते, काहून की दुसरा रस्ताच नाही. आता आडव्या लिंक, म्हणजे एकाच पायरीवरच्या नोडना जोडणाऱ्या, थोड्या-थोड्या वाढवत प्रत्येक वेळी पाडून पहा. अणुहल्ल्यात टिकणाऱ्या नेटवर्कवर १९६४ मध्ये पॉल बॅरन या इंजिनिअरने रँड कॉर्पोरेशन या अमेरिकन संशोधन संस्थेसाठी लिहिलं, त्यात नोडच्या तिप्पट-चौपट लिंक असल्या की जाळं भारी मार सोसते असं निघालं होतं, तुमचा आकडा त्याच्या जवळपास येते का ते पहा.

अन् एक, ग्राफमध्ये दोन लिंक दिसतात पण दोन्ही केबल एकाच नालीत असतात, सिमेंट रोडच्या खोदकामात जेसीबी दोन्ही एकदमच तोडते. अशा जोड्यांची वेगळी यादी करा, काढायच्या तर सोबतच काढा.