खेळाडूला चरित्र अभिनेता व्हायचे असेल तर

प्रवीणकुमार सोबती यांनी १९६६ आणि १९७० च्या बँकॉक आशियाई खेळांत थाळीफेकीचे सुवर्ण जिंकले. १९८८ मध्ये बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’ मालिकेने त्यांना घराघरांत भीम म्हणून पोहोचवले. त्या वाटेने निघालेल्या पैलवानाने, फेकपटूने, कबड्डीपटूने एवढे धरून चालावे, की अंगकाठी पाहून बोलावणे येते, पण सेटवर तेच अंग आवरून वापरावे लागते.

भूमिकेसाठी पाठवायचा परिचयाचा व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा पुरे. मागे साधी भिंत, समोरून खिडकीचा उजेड, फोन आडवा. नाव, वय, उंची, येणाऱ्या भाषा सांगा आणि चेहरा दोन्ही बाजूंनी दाखवा. उंची अनवाणी मोजलेलीच सांगा. दोन इंच वाढवलेत तर कपडे मापात बसत नाहीत आणि पहिल्याच दिवशी विश्वास जातो.

खरी अडचण श्वासाची. जोर लावताना दम रोखायची सवय वर्षानुवर्षांची असते. संवादाआधीही नकळत तेच होते. खांदे वर चढतात, गळा आवळतो, भरदार छातीतून बारीक आवाज निघतो. रोज पाठीवर पडून एका उच्छ्वासात वीस अंक मोजा, मग दहा मिनिटे वर्तमानपत्र मोठ्याने वाचा. वाक्याचा शेवटचा शब्द गिळला जातोय का, ते रेकॉर्ड करून ऐका. ग्रामीण ढब पुसून टाकू नका. तिच्यासाठीही भूमिका असतात.

सेटवर जमिनीवर चिकटपट्टीची खूण असते, तिथेच थांबायचे. खाली पाहून शोधू नका. आधी खुणेवर उभे राहून पावले मोजत मागे या, ‘टेक’च्या, म्हणजे प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या वेळी तेवढीच टाका. खेळाडूची टांग लांब पडते, म्हणून क्लोजअपमध्ये चेहरा चौकटीबाहेर जातो किंवा फोकस सुटतो.

मारामारीत जास्त जपा, कारण तुमचा हात सवयीने शेवटपर्यंत जातो. ठोसा चेहऱ्यापासून वीतभर तरी लांबून न्यायचा. अंतर कॅमेऱ्याचा कोन झाकतो. आधी नजरानजर, मग हात. तालमीत ठरला तोच वेग टेकमध्ये. अंगात आले की थांबा आणि पुन्हा करू म्हणा. समोरच्याचे नाक फुटण्यापेक्षा एक टेक वाया गेलेला बरा.

काम मिळवून देतो म्हणून कोणी आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका. मालिकांचे मानधन बहुधा नव्वद दिवसांनी येते, तेव्हा नोकरी असेल तर लगेच सोडू नका आणि निदान चार महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा.