ड्रग्जमुळे मृत्यूचा संशय? टॉक्सिकॉलॉजीत या चुका टाळा

टॉक्सिकॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातलं विष किंवा औषध तपासणाऱ्या चाचणीच्या, रिपोर्टमध्ये आकडा मोठा दिसला की "ओव्हरडोस" म्हणून मोकळं व्हायचं, ही सगळ्यात मोठी चूक आणि ती भलेभले करतात. आधी विचारा, रक्त घेतलं कुठून? माणूस गेल्यावर काही औषधं यकृत, फुप्फुसं, हृदयाच्या स्नायूतून परत रक्तात झिरपत राहतात, त्यामुळे हृदयातल्या रक्तात डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) किंवा अमिट्रिप्टिलिन (नैराश्यावरचं औषध) जिवंतपणी होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त निघू शकतं. म्हणून सॅम्पल मांडीच्या फीमोरल शिरेतून घ्या, तेही शीर वरून बांधून, आणि बाटलीवर जागा लिहा. नुसतं "रक्त" लिहून पाठवलंत तर लॅबवाला तरी काय करणार!

बाटलीत सोडियम फ्लोराइड (सॅम्पल टिकवणारं रसायन) टाकायला विसरू नका, आणि सॅम्पल थंड ठेवा. नाहीतर कोकेन बाटलीतल्या बाटलीत तुटत जातं, आणि अल्कोहोलचं उलटंच, जंतू ते नव्याने तयार करतात, म्हणजे थेंबही न प्यायलेला माणूस दारुडा ठरतो. बॉडी कुजायला लागली असेल तर डोळ्यातलं द्रव, म्हणजे व्हिट्रियस, जरूर घ्या, तिथे जंतू उशिरा पोचतात.

स्क्रीनिंग टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून फाइल बंद करणं हा आणखी एक घोळ. ओपिएटची, म्हणजे अफूपासूनच्या औषधांची, नेहमीची इम्युनोअसे (अँटिबॉडी वापरून केलेली स्क्रीनिंग टेस्ट) मॉर्फिन ओळखते, प्रयोगशाळेत बनवलेलं फेंटानिल सहसा नाही, कारण त्याची रचनाच वेगळी. पॉझिटिव्ह आली तरी डोळे झाकून विश्वास नको, सर्दीच्या गोळीतल्या स्यूडोएफेड्रिनमुळेही अ‍ॅम्फेटामिन दिसू शकतं. दोन्ही वेळा मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंच्या वजनावरून पदार्थ ओळखणाऱ्या तपासणीने) खात्री करा. आणि मॉर्फिन सापडलं म्हणजे हेरॉइनच असं नाही हां, त्यासाठी हेरॉइन शरीरात तुटल्यावर बनणारं ६-मोनोअ‍ॅसिटिलमॉर्फिन शोधावं लागतं, ते रक्तातून काही मिनिटांत जातं पण लघवीत आणि व्हिट्रियसमध्ये जास्त वेळ टिकतं. तरी एक लक्षात ठेवा, लघवीवरून औषध शरीरात गेलं होतं एवढंच कळतं, मृत्यूच्या वेळी असर किती होता ते नाही.

आता सगळं नीट केलं आणि मेथाडोनचा (व्यसनमुक्तीतही देतात ते मॉर्फिनसारखं औषध) आकडा आला, तरी तो एकटा काही सांगत नाही. रोज घेणाऱ्याला जी पातळी पचते तीच नवख्याचा श्वास थांबवते, आणि जेलमधून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून नुकताच सुटलेला माणूस या बाबतीत नवख्यासारखाच धरायचा, कारण सवय मोडलेली असते. केसांचा झुपका मुळाकडची बाजू दोऱ्याने बांधून ठेवा, केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतात, त्यावरून मागच्या काही महिन्यांत औषध चालू होतं का याचा अंदाज येतो.