मेल उशिरा जातोय? सर्व्हरला हात लावायच्या आधी लॉगमधले चार आकडे वाचा

सिस्टीम अ‍ॅडमिनच्या नोकरीत नवीन असाल आणि ऑफिसचा मेल सर्व्हर स्वतःचाच असेल तर एक फोन तुम्हाला येणार म्हणजे येणारच, "अहो मेल पाठवून अर्धा तास झाला, समोरच्याला अजून मिळालाच नाही". मेल बाउन्स झाला, म्हणजे न पोचता परत आला, तर काम सोपं असतं, काय चुकलं ते त्यातच लिहिलेलं असतं. उशिरा पोचणारा मेल मात्र जीव काढतो, कारण तुम्ही बघायला बसता तोवर तो पोचलेला असतो आणि हातात काहीच राहत नाही.

माझी पहिली नोकरी कोल्हापुरातल्या एका शिक्षणसंस्थेत. डेबियन लिनक्सवर पोस्टफिक्स (मेल पाठवणारं-घेणारं सर्व्हर सॉफ्टवेअर), संस्थेचं स्वतःचं मशीन, आणि ते सांभाळायला मी एकटा. जून महिना, अ‍ॅडमिशनची गर्दी. फॉर्म भरताना ईमेलवर ओटीपी जायचा, त्याची मुदत ६० सेकंद. आणि एक दिवस सकाळपासून तक्रारी सुरू झाल्या की ओटीपी येतो पण एक्स्पायर होऊन येतो. सगळ्यांना नाही, काहींनाच. मी खाली खिडकीपाशी गेलो तर राधानगरीकडून आलेले एक काका मोबाइल हातात उंच धरून दारात उभे होते, त्यांना वाटत होतं रेंजचा प्रॉब्लेम आहे. मुलगी आत कॉम्प्युटरवर बसलेली. ओटीपी आला, काकांनी ओरडून आकडे सांगितले, तिने टाकले, एक्स्पायर्ड. रिसेंड दाबलं की जुना ओटीपी बाद, नवा परत उशिरा. दोघं सकाळी सहाच्या एसटीने निघाले होते. ते दृश्य अजून डोळ्यासमोर आहे, म्हणूनच एवढं सविस्तर लिहितोय.

मी काय केलं ते आधी सांगतो कारण बहुतेक नवीन माणूस हेच करतो. सर्व्हर रीस्टार्ट केला. फरक नाही. मग 'पोस्टक्यू -एफ' मारलं (कमांड बोलतो तशीच लिहितोय), म्हणजे रांगेत अडकलेले सगळे मेल आत्ताच्या आत्ता परत पाठवायचा प्रयत्न कर. थोडे मेल गेल्यासारखे वाटले म्हणून तीच कमांड क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) टाकली, दर मिनिटाला. दुपारपर्यंत परिस्थिती आणखी बिघडली, आता जीमेलवाल्या मेलवर ४२१ चे एरर यायला लागले, म्हणजे तुमच्याकडून फार वेगाने मेल येतायत, थांबा. आधी एकच दुखणं होतं, माझ्यामुळे दोन झाली.

शेवटी पुण्याला असलेल्या एका सीनियर मॅडमना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "अरे उशीर नेमका कुठे होतोय?" मी म्हटलं "मेल जायला उशीर होतोय मॅडम". त्या म्हणाल्या, "ते कळलं रे, पण कुठे? लॉगमधली एक ओळ काढ आणि मला वाचून दाखव".

ही ओळ नीट समजून घ्या. पोस्टफिक्स प्रत्येक डिलिव्हरीसाठी मेल लॉगमध्ये एक ओळ लिहितो, त्यात 'डिले' म्हणून एक आकडा असतो आणि त्याच्या पुढे 'डिलेज' म्हणून तिरप्या रेघांनी तोडलेले चार आकडे. 'डिले' म्हणजे एकूण लागलेले सेकंद, आणि पुढचे चार म्हणजे त्या वेळेचा हिशोब. पहिला आकडा मेल तुमच्या सर्व्हरवर येऊन रांगेच्या मॅनेजरकडे पोचेपर्यंतचा वेळ. दुसरा, रांगेच्या मॅनेजरकडे पडून राहिलेला वेळ. तिसरा, समोरच्या सर्व्हरशी कनेक्शन जोडायला लागलेला वेळ, यात डीएनएस शोधणं (नावावरून पत्ता काढणं), हॅलो (दोन सर्व्हरांची सुरुवातीची ओळख) आणि टीएलएस (एन्क्रिप्शन जोडणं) सगळं आलं. चौथा, प्रत्यक्ष मेल तिकडे देण्याचा वेळ. बस. चारपैकी जो आकडा फुगलेला तिथे दुखणं, बाकी तिघांकडे बघायचंसुद्धा नाही.

माझ्या ओळीत होतं ०.२१/०.०१/६०/१.१. म्हणजे आमचा सर्व्हर मेल पाव सेकंदात घेत होता, रांगेत काहीच थांबत नव्हता, मेल द्यायला एक सेकंद, आणि नुसतं कनेक्शन जोडायला ६० सेकंद! ओटीपीची मुदत ६० सेकंद आणि मेलला लागतायत ६१. मॅडम म्हणाल्या, "साठ बरोबर आहेत म्हणजे हा टाइमआउट आहे, तीस अधिक तीस. त्याच मेलच्या आधीच्या ओळी बघ". पोस्टफिक्स एका पत्त्यावर कनेक्शन जोडायला डीफॉल्ट ३० सेकंद वाट बघतो, मग पुढचा पत्ता. आणि खरंच वरच्या दोन ओळींत 'कनेक्शन टाइम्ड आउट' होतं, आणि दोन्ही पत्ते आयपीव्ही६ चे (इंटरनेट पत्त्यांचा नवा प्रकार, जुना तो आयपीव्ही४).

झालं असं होतं की आदल्या रात्री राउटर बदलला होता. मशीनवर आयपीव्ही६ चा पत्ता तसाच होता पण त्या रस्त्याने बाहेर जाणारं पॅकेट कुठेतरी गिळलं जात होतं, 'नाही' असं उत्तरसुद्धा येत नव्हतं. पोस्टफिक्सला समोरच्याचे आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही पत्ते मिळतात आणि डीफॉल्टला तो दोघांत आवडनिवड करत नाही. ज्या मेलला आधी ४ चा पत्ता आला तो सेकंदात गेला, ज्याला आधी ६ चा आला तो लटकला. म्हणून काहींनाच त्रास. हे कळलं तेव्हा सकाळपासूनचं कोडं एका झटक्यात सुटलं.

तात्पुरता उपाय, मेन डॉट सीएफमध्ये (पोस्टफिक्सची मुख्य सेटिंग फाइल) 'आयनेट प्रोटोकॉल्स' ला फक्त आयपीव्ही४ लावलं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, हा बदल नुसत्या रीलोडने लागू होत नाही, पोस्टफिक्स पूर्ण स्टॉप करून परत स्टार्ट करावा लागतो. मी आधी रीलोडच केलं आणि दहा मिनिटं वाया घालवली. नंतर तिसरा आकडा अर्ध्या सेकंदाच्या खाली आला. राउटरचा रूट नंतर दुरुस्त करून घेतला.

तिसऱ्या आकड्यात ५ किंवा १० च्या आसपास काही दिसलं तर मी आधी डीएनएस बघतो. लिनक्समध्ये एका नेमसर्व्हरने उत्तर दिलं नाही तर साधारण ५ सेकंद थांबून पुढच्याला विचारतात, त्यामुळे यादीतला पहिलाच नेमसर्व्हर मेलेला असेल तर प्रत्येक मेलला तो दंड बसतो. पहिला आकडा मोठा असेल तर बहुतेक वेळा मेल आत घेतानाच कोणीतरी अडवतंय, डीकेआयएम सही (मेल खरंच तुमच्या डोमेनचा असल्याची डिजिटल सही) करणारा किंवा व्हायरस तपासणारा मिल्टर, म्हणजे मेल गाळणारा जोडप्रोग्राम, हळू चाललाय किंवा बंद पडलाय. आणि ही गल्लत करू नका, मेल एकदा फेल होऊन रांगेत पडून राहिला असेल तर तो पडून राहिलेला सगळा वेळसुद्धा पहिल्याच आकड्यात मोजला जातो, म्हणून तिथे १८०० दिसलं की मिल्टरवर संशय घ्यायच्या आधी त्याच मेलची जुनी ओळ शोधा, त्यात 'डिफर्ड' (म्हणजे पुढे ढकललेला) लिहिलेलं सापडेल आणि कारणही. चौथा आकडा मोठा म्हणजे मोठी अटॅचमेंट, हळू लाइन, नाहीतर समोरचा घेताना तपासत बसलाय.

आता त्या क्रॉनबद्दल, कारण मला वाटतं ती माझी खरी चूक होती. समोरच्याने ४ ने सुरू होणारा कोड दिला म्हणजे 'आत्ता नको, नंतर ये', ५ ने सुरू होणारा म्हणजे 'नाही म्हणजे नाही'. ४ वाला मेल डिफर्ड रांगेत जातो. पोस्टफिक्स डीफॉल्टला ३०० सेकंदांनी परत प्रयत्न करतो, परत नाही जमलं तर थांबायचा वेळ दुप्पट, मग अजून दुप्पट, जास्तीत जास्त ४००० सेकंद, म्हणजे तासापेक्षा थोडं जास्त. असं ५ दिवस चालतं आणि मग बाउन्स. ही वाढती वाट मुद्दाम ठेवलेली आहे, समोरच्याला दम घेऊ द्यायला आणि तुमच्या बाकीच्या मेलला रस्ता मोकळा ठेवायला. मी दर मिनिटाला सगळी रांग हलवून ती शिस्तच मोडली. पोस्टफिक्सच्या स्वतःच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय की वारंवार फ्लश केलं (म्हणजे सगळी रांग एकदम हलवली) तर बाकी सगळ्या मेलचा वेग मार खातो. ती वाचा, मनापासून सांगतो, व्हिएत्से व्हेनेमा यांनी हे सॉफ्टवेअर १९९८ मध्ये बाहेर काढलं तेव्हापासून त्याचं दस्तऐवजीकरण इतकं नेटकं आहे की अर्धी उत्तरं तिथेच मिळतात. एखादाच मेल घाईचा असेल तर 'पोस्टक्यू -आय' आणि त्या मेलचा क्यू आयडी (लॉगच्या ओळीत दिसणारा रांगेतला ओळखक्रमांक) द्या, फक्त तोच परत जायचा प्रयत्न करेल.

ग्रेलिस्टिंग पण याच घरातलं. नवीन पाठवणाऱ्याला समोरचा सर्व्हर मुद्दाम ४५० किंवा ४५१ देतो, काही मिनिटांनी परत आलास तर घेतो, कारण स्पॅमवाले सहसा परत येत नाहीत. ओळखायची खूण सोपी, पहिला मेल पाच-दहा मिनिटं उशिरा, त्याच माणसाला दुसरा मेल लगेच. यात तुमच्या बाजूने दुरुस्त करण्यासारखं काही नसतं, साहेबांना शांतपणे समजावून सांगा.

दुसऱ्या वर्षी एक वेगळं प्रकरण आलं. १ तारखेला १४०० पगाराच्या स्लिपा एकदम सुटायच्या, बहुतेक जीमेलवर, आणि त्याच सकाळी साहेबांचे जीमेलवर जाणारे साधे मेल अडकायचे. लॉगमध्ये 'डिलिव्हरी टेम्पररिली सस्पेंडेड'. कारण पोस्टफिक्स डोमेनप्रमाणे हिशोब ठेवतो, समोरच्याने कनेक्शन जोडतानाच ४२१ दिला की त्या डोमेनला थोडा वेळ बंद समजतो, मग तिकडे जाणारे सगळेच थांबतात. अशा वेळी 'क्यूशेप डिफर्ड' चालवा, कुठल्या डोमेनचे किती मेल किती मिनिटांपासून पडलेत त्याचा तक्ता येतो, ५ मिनिटं, १०, २०, ४० असे रकाने. एकाच डोमेनचा आकडा फुगलेला दिसला की समजायचं. आम्ही पगाराच्या पत्त्यावरून जाणाऱ्या मेलसाठी मास्टर डॉट सीएफमध्ये (पोस्टफिक्सची दुसरी सेटिंग फाइल) वेगळा ट्रान्सपोर्ट, म्हणजे मेल बाहेर नेणारा वेगळा मार्ग, केला आणि त्याला एका डोमेनच्या दोन डिलिव्हरींमध्ये २ सेकंदांचं अंतर दिलं. १४०० गुणिले २ म्हणजे २८०० सेकंद, पाऊण तासाच्या आसपास. स्लिप पाऊण तासात मिळाली तर कोणाचं काही बिघडत नाही, ओटीपीचं बिघडतं.

आणि कधीकधी उशीर तुमचा नसतोच. तुमच्या लॉगमध्ये २५० येऊन 'सेंट' लिहिलं असेल तर मेल समोरच्याने घेतलाय, पुढचं त्याच्या घरात. मिळालेल्या मेलचे पूर्ण हेडर (मेलच्या वर लपलेल्या प्रवासाच्या नोंदी) मागवा आणि 'रिसीव्हड' च्या ओळी खालून वर वाचा, सगळ्यात खालची सगळ्यात जुनी. वेळ वाचताना शेवटचा झोन बघा, आपला +०५३० आणि एखाद्या सर्व्हरचा -०७०० असला तर नुसत्या घड्याळाकडे बघून साडेबारा तासांचा उशीर वाटतो आणि असतो दोन सेकंदांचा.

हे सगळं नोकरीवर पहिल्यांदा शिकू नका. घरी दोन व्हर्च्युअल मशीन घ्या, दोन्हीवर पोस्टफिक्स टाका, एकावरून दुसऱ्याला मेल पाठवा आणि लॉग उघडा ठेवा. मग दुसऱ्या मशीनच्या फायरवॉलमध्ये पोर्ट २५ ला (मेल सर्व्हर एकमेकांशी बोलतात ते दार) ड्रॉप लावा, म्हणजे पॅकेट गुपचूप गिळलं जाईल, आणि परत पाठवा, तिसऱ्या आकड्यात ३० दिसेल आणि मेल डिफर्ड. आता ड्रॉप काढून रिजेक्ट लावा, म्हणजे लगेच 'नाही' असं उत्तर जाईल. मेल तरीही डिफर्डच होईल, पण यावेळी 'कनेक्शन रिफ्यूज्ड' लिहून येईल आणि तिसरा आकडा शून्याला टेकलेला असेल.