बेटावरच्या घुबडांसाठी घरट्याची पेटी: ठोकण्याआधी आणि ठोकल्यानंतर

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि न्यू कॅलेडोनिया यांच्यामध्ये, प्रशांत महासागरात नॉरफोक नावाचे जेमतेम ३५ चौरस किलोमीटरचे बेट आहे. तिथल्या घुबडाची १९८६ साली एकच मादी उरली होती. मग १९८७ मध्ये न्यूझीलंडहून ‘मोरपोर्क’ या तिच्या सगळ्यांत जवळच्या नात्यातल्या घुबडाचे दोन नर आणून सोडले. एक गायब झाला, दुसऱ्याशी तिचे जमले आणि १९८९ मध्ये पहिली पिल्ले उडाली. आज बेटावर असलेली ही सगळी घुबडे त्या एका जोडप्याचा वंश. या खटाटोपात राष्ट्रीय उद्यानातल्या झाडांवर लावलेल्या लाकडी पेट्यांचा मोठा हात होता.

पेटी ठोकणे एका दुपारचे काम आहे. तिच्या आधीची चौकशी आणि नंतरची वर्षानुवर्षांची राखण, तिथेच बहुतेक प्रयत्न गळपटतात. म्हणून सुरुवात करवत-हातोडीने करू नका.

पायरी १: अडचण ढोलीचीच आहे का, ते बघा

घुबड स्वतः ढोली कोरत नाही. म्हाताऱ्या झाडाची फांदी मोडते, तिथे कूज धरते आणि अनेक दशकांनी पोकळी तयार होते. नॉरफोकवर शेती आणि कुरणांसाठी जंगल तोडले गेले, तेव्हा अशी म्हातारी झाडेच गेली. उरल्यासुरल्या ढोल्यांत ऑस्ट्रेलियातून आलेले लाल रोझेला पोपट आणि मधमाश्या शिरल्या. म्हणजे जागेची टंचाई खरी होती, आणि म्हणूनच पेटी उपयोगी पडली.

जपानच्या होक्काइदो बेटावरचे ब्लॅकिस्टनचे मत्स्यघुबड हे जगातल्या सर्वांत मोठ्या घुबडांपैकी एक. पंख पसरले की पावणेदोन मीटरच्या पुढे जाणाऱ्या या पक्ष्याला लागणारी ढोली फक्त प्रचंड जुन्या झाडात मिळते. १९८० च्या दशकापासून तिथे मोठाल्या पेट्या लावल्या गेल्या आणि त्यांत पिल्ले वाढली. पण नद्यांतले मासे कमी झाले होते, त्यामुळे हिवाळ्यात काही ठिकाणी तळ्यांत मासेही सोडावे लागले. नुसते घर दिले आणि चूल पेटलीच नाही, तर उपयोग काय?

तेव्हा आधी संध्याकाळी आणि पहाटे आवाज ऐकत फिरा, जोडी आहे का ते ठरवा. दिवसा जुनी झाडे तपासा. चांगल्या ढोल्या रिकाम्या पडल्या असतील, तर दुखणे दुसरीकडे आहे: उंदीर, मांजर, विष किंवा उपासमार.

पायरी २: घुबड तिथलेच हवे

हे बजावून सांगायला हवे, कारण बेटांवर याचे फार वाईट धडे मिळाले आहेत. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाव बेटावर १९१८ मध्ये एका जहाजातून काळे उंदीर उतरले. ते आटोक्यात यावेत म्हणून १९२० च्या दशकात बाहेरची मोठी घुबडे आणून सोडली. उंदीर राहिलेच, आणि बेटाचे स्वतःचे छोटे घुबड काही दशकांत नामशेष झाले. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर १९४९ साली उंदरांसाठीच आणलेले गव्हाणी घुबड पांढऱ्या सुरय पक्ष्यांवर तुटून पडले. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हा. त्यामुळे पेटीची मापे आणि जागा मूळच्या घुबडाला सोयीची हवी, बाहेरच्या घुबडाला नव्हे.

पायरी ३: पेटी

नॉरफोकच्या घुबडाएवढ्या, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर लांबीच्या पक्ष्यासाठी तळ २५ ते ३० सेंटिमीटर चौरस, खोली ४० ते ५० सेंटिमीटर आणि वरच्या भागात १० ते १२ सेंटिमीटरचे भोक पुरते. लाकूड किमान दोन सेंटिमीटर जाड घ्या, पातळ फळीची पेटी उन्हात भट्टी होते. रसायन मुरवलेले लाकूड नको. आतून रंग लावू नका. समुद्राच्या खाऱ्या हवेत साधे खिळे दोन-तीन पावसाळ्यांत गंजतात, म्हणून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा.

भोकाखालच्या आतल्या भिंतीवर पटाशीने आडव्या खाचा पाडायला विसरू नका. पिल्लाला त्याच शिडीवरून वर यायचे असते, गुळगुळीत फळीवर त्याची नखे घसरतात. तळाला पाणी निचरायला चार-पाच बारीक भोके पाडा. घुबड काड्या आणून अंथरत नाही, त्यामुळे सुताराकडच्या रंध्यातल्या ढलप्यांचा पाच-सात सेंटिमीटर थर आपणच द्यायचा. भुसा नको, तो ओला झाला की गोळा होतो. छप्पर पुढे उतरते आणि बिजागरीवर उघडणारे करा. बाहेर बसायला दांडी मात्र लावू नका. घुबडाला ती लागत नाही, चोराला लागते.

पायरी ४: झाडावर चढवणे

चार ते सहा मीटर उंची, वादळी पावसाच्या दिशेकडे पाठ आणि भोकासमोर मोकळी वाट, एवढे पाहा. झाडात खिळे ठोकण्यापेक्षा तार रबरी नळीतून ओवून बांधा आणि दर वर्षी ती सैल करा, कारण खोड वाढते. दोन जोड्यांच्या हद्दी एकमेकींत येणार नाहीत अशा बेताने पेट्या विखरा.

पायरी ५: आयत्या बिळावरचे नागोबा

बेटावर खरी लढाई इथे आहे. बेटावरच्या अनेक पक्ष्यांची घडण उंदीर-मांजरांशिवाय झाली, त्यामुळे चढून येणाऱ्या शत्रूसमोर घरटे अगदीच उघडे पडते.

उंदरांसाठी: जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवर खोडाभोवती साठ सेंटिमीटर रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळा. पण शेजारच्या झाडाची फांदी पेटीला टेकत असेल तर पत्रा शोभेचा. आजूबाजूच्या दोन मीटरच्या फांद्या छाटल्याच पाहिजेत, आणि वेली तर दर पावसाळ्यानंतर.

मधमाश्यांसाठी ऑस्ट्रेलियातली मंडळी एक साधी युक्ती वापरतात: झाकणाच्या आतल्या बाजूला जुन्या गालिच्याचा तुकडा. त्यावर पोळ्याची पकड नीट बसत नाही.

पोपटांसाठी पत्रा निरुपयोगी. विणीच्या आधी पेटी तपासत राहा. बाहेरून आलेल्या पक्ष्यांनी घातलेल्या अंड्यांचे काय करायचे, ते तिथल्या वन्यजीव अधिकाऱ्यांनी ठरवायचे. स्वयंसेवकाने त्यात हात घालू नये.

आणि विष. उंदीर मारायला ब्रोडिफॅकम वापरले, मग अर्धमेला उंदीर घुबडाने खाल्ला, की विष घुबडाच्या पोटात गेले. पेटीच्या परिसरात सापळे बरे. विषाचा निर्णय जाणकारांवर सोडा.

पायरी ६: बघा, पण लांबून

विणीच्या महिनाभर आधी पेटी साफ करा, ढलप्या बदला. मादी अंड्यांवर बसली की झाकण उघडायचे नाही. दचकून ती घरटे टाकून जाऊ शकते. साधारण महिनाभर उबवणी, मग पाच आठवडे पिल्ले पेटीत. या काळात लांब काठीच्या टोकाला बांधलेला कॅमेरा किंवा भोकावर रोखलेला रात्रीचा कॅमेरा पुरेसा. प्रत्येक पेटीला क्रमांक द्या आणि कोरड्या, निरर्थक वाटणाऱ्या नोंदीसुद्धा ठेवा: रिकामी, रिकामी, मधमाश्या, रिकामी. पाच वर्षांनी जागा बदलायची की नाही, ते हाच कागद सांगतो.

पेटीने काय होत नाही, तेही नॉरफोकवर दिसले. २००० च्या दशकात घुबडे काही डझनांपर्यंत पोचली. पुढे, २०१० च्या दशकात बरीच वर्षे एकही पिल्लू यशस्वीपणे उडाले नाही, २०२० च्या सुमारास दोन दिसली तेव्हा बातमी झाली. सगळी एकाच जोडप्याची संतती, म्हणजे सगळी एकमेकांची जवळची नातलग, नवे रक्त नाहीच. माझ्या मते तिथे नव्या पेट्यांपेक्षा न्यूझीलंडहून नवे पक्षी आणण्याचा विचार जास्त तातडीचा आहे.

आपल्याकडे अंदमान-निकोबारला स्वतःची घुबडे आहेत, पण तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय काही लावायला जाऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ घुबडांना आणि त्यांच्या अंड्यांनाही लागू आहे. सरावाने हात बसवायचा असेल तर परसातल्या आंब्यावर पिंगळ्यासाठी पेटी करा: हीच रचना, माप लहान, भोक सात-आठ सेंटिमीटरचे. जोडी राहायला आली तर फोटो हवे तेवढे दाखवा, झाड कुठले ते सांगू नका. दिवाळीच्या तोंडावर बळी द्यायला घुबडे शोधत फिरणारे लोक अजून आहेत.