कराटेची मिक्स बॅच घेताय? या चुका टाळा

मे महिन्यात नागपुरात पोरं पहाटे साडेपाचलाच मैदानावर हजर असतात. ऊन चढल्यावर अनवाणी पाय टेकवत नाही तिथे. जूनअखेर शाळा उघडतात आणि समर कॅम्पमधली बरीच पोरं रोजच्या बॅचला लागतात. मग एकाच रांगेत आठ वर्षांचा व्हाइट बेल्ट, कॉलेजातली यलो बेल्ट आणि पोट कमी करायला आलेले काका!

सगळ्यात महागात पडलेली चूक माझीच. नवीन ॲडमिशन आली की मी अख्ख्या वर्गाला पहिल्या धड्यावर आणायचो. एकदा मागून आवाज आला, "सर, हे तं झालं ना मागच्या महिन्यात, पुन्हा काऊन?" पुढच्या महिन्यात तो पोरगा क्रिकेटला गेला.

आता तंत्र सगळ्यांना एकच, काम मात्र वेगवेगळं. ओई-झुकी घ्या, म्हणजे पाऊल टाकत मारलेला ठोसा. नवा जागेवरच उभा. ठोसा सुटताना दुसरी मूठ कमरेशी येते का, एवढंच त्याने बघायचं. तीन महिने झालेले पाऊल टाकतात. जुने पॅडवर मारतात. मोजणी एकच, "इच, नी, सान" (जपानीतलं एक, दोन, तीन), त्यामुळे कोणी रिकामं बसत नाही.

पाऊल टाकताना नवखे दोरीवर चालल्यासारखे दोन्ही पाय एका रेषेत आणतात. काकांच्या खांद्याला मी एक बोट लावलं तर ते बाजूला कलंडले. दहा वेळा ओरडून सुधारलं नाही, ते चुन्याच्या दोन रेघांनी सुधारलं. खांद्याएवढं अंतर, डावा पाय डाव्या रेघेवर, उजवा उजव्या.

काताची, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींची, घाई नको. हेइआन शोदान या सुरुवातीच्या कातामध्ये 21 हालचाली आहेत. हे काता मुळात कराटेचे जुने गुरू इतोसू आंको यांनी जपानमधल्या ओकिनावातल्या शाळकरी मुलांसाठी बसवलेलं, पण म्हणून पहिल्याच आठवड्यात अख्खं शिकवायचं नसतं. नव्यांना पहिल्या किआईपर्यंत (जोरात ओरडायचं ते), म्हणजे नवव्या हालचालीपर्यंतच न्या. तिथे थांबून त्यांनी जुन्यांचं पुढचं बघावं.

जोड्या लावताना नव्यासमोर नवा देऊ नका. दोघांनाही अंतर कळत नाही, नाकावर बसतेच. नव्यासमोर जुना द्या आणि त्या जुन्याला फक्त ब्लॉक करायला, म्हणजे ठोसा अडवायला सांगा. पण त्याच यलो बेल्टला रोज अर्धा तास मास्तर बनवू नका. फी तिनेही भरली आहे. पाच मिनिटं पुरे.

आणि बेल्ट परीक्षेला सगळ्यांना एकदम बसवू नका. "शेजारच्याला मिळाला, आमच्याला काऊन नाही?" असं एखादी आई विचारणारच. मी वही ठेवतो: कोण कितव्या हालचालीपर्यंत आला, कोणत्या तारखेला. तीच उघडून त्यांच्यासमोर धरतो.